मेणट मक्यातले निळे दाणे

हे लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. टाळायला कारणं मिळत गेली. नोकरी होती तोवर नोकरी होती, मग मुलांची लग्नं आली, मग वाडीतल्या चिकूवर कीड आली, मग गुडघे गेले. आता पंचाहत्तरी ओलांडली आहे. एकही कारण उरलेलं नाही, आणि उरलं असतं तरी आता मी ते वापरलं नसतं.

मी काय लिहितो आहे हे घरात सगळ्यांना माहीत आहे. मुलगा म्हणाला, "बाबा, आता यानं कुणाला काय फरक पडणार?" मी म्हटलं, मला पडतो. कारखान्यातल्या एका जुन्या सोबत्याचा फोन आला. "अरे, जुनं कशाला उकरून काढतोस? सगळ्यांची नावं खराब होतील."

"सगळ्यांची नाही. माझं होईल," मी म्हणालो. "पुरलं मीच होतं. जागा मला बरोबर ठाऊक आहे."

तेव्हा आधी सरळ सांगून टाकतो. गंजाडच्या एका बाईनं कंपनीच्या मक्यात घरचा मका मिसळून फसवलं, ही गोष्ट आमच्या कारखान्यात अजून सांगितली जाते. ती खोटी आहे. त्या बाईंनी काहीही मिसळलं नव्हतं. चूक माझी होती, आणि ती मला त्याच वेळी कळली होती. कुणाला हे वाचून राग येणार असेल तर येऊ दे.

तलासरीच्या पुढे, गुजरातच्या हद्दीजवळ, मक्यापासून स्टार्च काढणारा कारखाना होता. त्याच्या प्रयोगशाळेत मी पंचवीसेक वर्षं काढली. रोज डहाणूहून मोटरसायकलवर जायचो. सॅलड, सूप, सॉस, आइस्क्रीम, पुठ्ठ्याचा डिंक, अशा शंभर ठिकाणी हा स्टार्च जातो. प्रत्येकाला तो वेगळा हवा असतो. कुणाला गार झाल्यावर घट्ट बसणारा, कुणाला अजिबात न बसणारा.

हा फरक कुठून येतो हे मी नव्यानं लागलेल्या मुलामुलींना अनेकदा शिकवलं आहे, म्हणून इथेही सांगतो. स्टार्च म्हणजे साखरेच्या कणांच्या लांबच लांब माळा. काही माळा सरळ असतात, त्यांना अमायलोज म्हणतात. काही फांद्यांवर फांद्या फुटलेल्या असतात, त्या अमायलोपेक्टिन. नेहमीच्या मक्यात साधारण चौथा हिस्सा सरळ माळांचा असतो. शिजवलेली खळ गार व्हायला लागली की या सरळ माळा एकमेकींना चिकटून बसतात, बांबूच्या काठ्या मोळीत बसतात तशा. मग खळ थिजते, पांढुरकी होते आणि ठेवली तर पाणी सोडते. फांद्यांच्या माळांची मात्र मोळी बांधता येत नाही. करवंदीची जाळी कुणी मोळीत बांधून दाखवावी. त्यांची खळ गार झाली तरी पातळ, चकचकीत राहते, पाणी धरून ठेवते.

मक्याची एक जात निवडून, संकर करून अशी तयार केलेली आहे की तिच्या दाण्यात जवळजवळ सगळ्या माळा फांद्यांच्याच असतात. दाणा कापला तर आतून मेणासारखा दिसतो, म्हणून आम्ही त्याला मेणट मका म्हणायचो. याच्या उलट, सरळ माळाच जास्त असलेली जातही आहे. ती शिजायला फार मोठी उष्णता मागते आणि गार झाली की दगडासारखी बसते. गंमत अशी की बाहेरून हे सगळे दाणे सारखेच पिवळे. ओळखायचे तर शिजवून बघायचे, नाहीतर दाणा खरवडून त्यावर आयोडीनचा थेंब टाकायचा. साधा मका काळपट निळा होतो. मेणट मका लालसर तपकिरी.

कारखान्याला मेणट मका जवळपासच पिकवून हवा होता. हिवाळ्यात ओहोळाचं पाणी मिळेल अशी शेतं शोधायचं काम माझ्याकडे आलं, आणि गंजाडच्या एका पाड्यावर मला त्या बाई भेटल्या. माझ्याच वयाच्या होत्या. नवरा लवकर गेलेला, शेत त्याच बघायच्या. भात, नागली, थोडी भाजी. मला साहेब म्हणायच्या आणि त्या शब्दात मानापेक्षा थट्टाच जास्त असायची.

पहिल्या वर्षी अगदी लहान तुकड्यात मका लावला. नवं धान्य आधी आपल्या चुलीवर शिजवून बघायचं आणि मगच दुसऱ्याला द्यायचं, अशी त्यांच्या घरची रीत होती. मी काढणीनंतर गेलो तर अंगणात येऊनच त्यांनी मला धरलं.

"साहेब, हा कसला मका दिला? काल सकाळची पेज आज सकाळी बघितली, तशीच वाहते. थिजायचं नावच नाय."

"तसाच आहे तो."

"नातवंडं खात नाय. म्हणतात, आजी, शेंबडासारखी तार सुटते. आणि भाकर थापायला गेले तर हाताला मिठीच मारते. सोडतच नाय, नव्या नवरीसारखी!"

मी हसलो. पण मनात चपापलोही होतो. आम्ही ज्यासाठी यंत्र लावून, तापमान बघत, तासभर बसायचो, ते या बाईंनी मातीच्या मडक्यात एका दिवसात नेमकं सांगितलं होतं.

त्यांचं माहेर तलासरी तालुक्यातलं, झरीचं. पेज थिजत नसली तरी मका भरला होता, आणि कारखान्याला तोच हवा आहे हे त्यांनी पाहिलं. त्या झरीला गेल्या आणि भावाला, शेजारच्या घरांना म्हणाल्या, "बी चांगलं हाय. माझ्या शब्दावर पेरा." दहा घरं तयार झाली. आमचे मोठे साहेब म्हणाले, यंदा गंजाडचं मोठं शेत नीट निघू दे, पुढच्या वर्षी झरीला बी देऊ. एवढंच ठरलं होतं. पण बाईंनी आपला शब्द माहेरी टाकला होता, आणि लग्न होऊन गेलेल्या बाईचा शब्द माहेरी पुन्हा पुन्हा टाकता येत नाही.

दुसऱ्या वर्षी माझी चूक झाली. चूक म्हणतो, पण तिला माझा ताठा जास्त कारण होता.

मक्याच्या तुऱ्यातला पराग वाऱ्यावर उडतो. कणसाच्या शेंड्याला जे रेशमी केस असतात, त्यातल्या प्रत्येक केसाचा एक दाणा होतो. त्या केसावर मेणट मक्याचा पराग पडला तर दाणा मेणट, शेजारच्या साध्या मक्याचा पडला तर तेवढा एक दाणा साधा. म्हणून मेणट मक्यापासून ठरलेल्या अंतरात दुसरा मका लावायचा नसतो. हे मला पाठ होतं. बाईंनाही मी ते सांगितलं होतं, आणि त्यांनी ते इतकं मनावर घेतलं की त्या पावसाळ्यात परसातही कणसं लावली नाहीत. नातवंडं रुसली होती.

आणि मीच त्यांच्या शेताजवळ साधा मका लावला. कारखान्याकडे पाहुणे येणार होते. मोठ्या साहेबांना दोन्ही मके एकाच फेरीत दाखवायचे होते, आणि गाडी डांबरी रस्त्यावरून खाली उतरायला नको होती. ओहोळाच्या पलीकडे रस्त्यालगत एक तुकडा मिळाला. तिथून बाईंच्या शेतापर्यंतचं अंतर मी मोटरसायकलच्या मीटरवर मोजलं. नियमापेक्षा जास्तच भरलं. मी तसं लिहून सही केली.

बाई बांधावर उभ्या होत्या.

"साहेब, पलीकडं कंचा मका पेरताय?"

"साधा. तुलनेसाठी. पाहुण्यांना दोन्ही बघायचे आहेत."

"मग आमच्याच बांधाला लावा की. पाहुण्यांना मानही वळवायला नको."

"तसं चालत नाही. मध्ये अंतर लागतं. मी मोजलंय."

"कशानं?"

मी मोटरसायकलकडे हात केला. त्यांनी एकदा गाडीकडे बघितलं, एकदा रस्त्याकडे, आणि तोंडाला पदर लावला.

"तुमचा रस्ता टेकाडाला वळसा घालून, पुलावरून येतो. वारा कशाला पुलावर जाईल? त्याला काय गाडी चालवायची हाय?"

आजूबाजूला काम करणारी माणसं हसली. मला ते झोंबलं. आम्ही समुद्राकडचे बागायतदार. आमच्या वाडीवर पिढ्यान्‌पिढ्या गंजाडकडची माणसं कामाला यायची. त्यांनी आम्हाला शेती सांगायची आणि आम्ही ऐकून घ्यायची, ही सवय माझ्या घरात नव्हती. बाईंनी हसणं थांबवून चांगला उपायही सांगितला. "बरं, लावायचाच तर पंधरा-वीस दिवस मागून लावा. आमच्या कणसात दाणा धरून झाला की मग तुमचा तुरा फुटू दे." अगदी बरोबर उपाय होता. पुस्तकातही तोच आहे. मी म्हटलं, "पाहुण्यांची तारीख ठरली आहे." आणि त्याच दिवशी पेरणी उरकली.

पाहुणे आले, गाडीत बसूनच बघून गेले. फोटो निघाले.

मग काढणी झाली. एके दिवशी सकाळी गेटवरच्या पहारेकऱ्याचा मला फोन. "सर, एक बाई जेवणाचा डबा घेऊन आलीय. म्हणते, तुम्हालाच दाखवायचाय. घरून आलाय का डबा?" मागे कुणाचं तरी हसणं ऐकू येत होतं. मी बाहेर गेलो. गंजाडहून तलासरीला दोन गाड्या बदलून त्या आल्या होत्या. डबा उघडून त्यांनी माझ्यासमोर तिरपा केला. आतली पेज हलली नाही. कडेनं थोडं पाणी सुटलं होतं आणि मधे पांढुरकी वडी उभी होती.

"गेल्या वर्षी वाहत होती. यंदा बसली," त्या म्हणाल्या. यावेळी थट्टा नव्हती. "सगळी नाय बसली, पण बसली. कायतरी शिरलंय मक्यात, साहेब. पोती भरायच्या आधी तुम्ही बघा."

मी हे वाक्य पुन्हा एकदा लिहितो, कारण पुढे जे झालं त्यात ते कुणीच ऐकलं नाही. पोती भरायच्या आधी तुम्ही बघा. ज्या बाईवर भेसळीचा आळ आला, तिनंच सगळ्यात आधी, स्वतःहून, कुणी विचारलेलं नसताना, माल बिघडलाय हे सांगितलं होतं.

मी त्यांच्याबरोबर गंजाडला गेलो. बाकीचा मका सोलून दाणे काढून झाले होते. पण चुलीच्या वर, धुरात, कीड लागू नये म्हणून निवडक कणसं सालीनं जोडी-जोडीनं बांधून टांगायची पद्धत त्यांच्याकडे आहे. तशी सात-आठ कणसं तिथे होती. मी एक काढलं, पात्यानं दाण्यांची टोकं खरवडली आणि ड्रॉपरनं आयोडीन सोडत गेलो. लाल, लाल, लाल, निळा. लाल, लाल, निळा. मग पुन्हा लाल. दुसऱ्या कणसावर तेच, तिसऱ्यावरही तेच. लालसर दाण्यांत निळे दाणे देवीच्या व्रणांसारखे विखुरलेले.

याचा अर्थ एकच होतो. घरचा साधा मका कुणी मिसळला असता तर काही कणसं संपूर्ण निळी निघाली असती आणि बाकीची संपूर्ण लाल. एकाच कणसावर दोन्ही दाणे असले तर ते काम वाऱ्याचं. पराग ओहोळ ओलांडून सरळ आला होता. अंगणात उभं राहिलं की माझा साधा मका समोर दिसत होता, तिथून एक हाक मारली असती तर पोचली असती.

"काय हाय?" त्यांनी विचारलं.

"बघतो," मी म्हणालो. "ही कणसं प्रयोगशाळेत न्यावी लागतील."

त्यांनी स्वतःच्या हातानं सगळी कणसं उतरवून माझ्या पिशवीत घातली. "आणि पोती?" त्यांनी विचारलं.

"भरा. काही होत नाही."

मी असं का म्हणालो? अंतराच्या कागदावर माझी सही होती. त्यांचा माल दुसऱ्या शेतांच्या मालात गेला की एवढे निळे दाणे कळणार नाहीत, असा माझा हिशेब. म्हणजे भेसळ करायचा विचार त्या सगळ्या प्रकरणात एकाच माणसानं केला, आणि तो माणूस मी. ती कणसं मी प्रयोगशाळेत नेलीच नाहीत. कारखान्याच्या अंगणात साध्या मक्याचा ढीग होता, तिथे दाणे सोलून टाकले आणि उरलेली रिकामी बुरखुंडं बॉयलरकडच्या जळणात फेकली.

माल शेतवार तपासायचा, असं मोठ्या साहेबांनी त्या वर्षीच ठरवलं होतं. गंजाडच्या मालाची खळ शिजवून गार केली, तर चमचा तिच्यात उभा राहिला. साहेबांनी बाईंना बोलावून घेतलं. मी, साहेब, खरेदीचा माणूस आणि त्या, एवढेच खोलीत होतो. त्यांना बसायला कुणी सांगितलं नाही. मीही नाही.

"घरचा पावसाळी मका घातलास ना यात?" साहेब म्हणाले.

"परसात लावलाच नाय यंदा. पाड्यावर कुणालाही विचारा."

साहेब माझ्याकडे वळले. "तू जात होतास. आसपास दुसरा मका होता?"

"आपला तुलनेचा प्लॉट होता," मी म्हणालो. "अंतर नियमाप्रमाणे आहे. कागद फाइलला आहे."

"या साहेबाला विचारा," बाई म्हणाल्या. "मी डबा आणून दाखवला. कणसं दिली. यांनीच सांगितलं, पोती भरा."

सगळे माझ्याकडे बघत होते. एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणालो, "बाई एकदा आल्या होत्या. डब्यात काय होतं ते आता नीट आठवत नाही. कणसांचं काही मला माहीत नाही."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत.

"तुमच्या डोक्यात मेणट मका भरलाय का हो, साहेब?" त्या म्हणाल्या. "काय बसतच नाय त्यात."

खरेदीचा माणूस फस्‌कन हसला. साहेबांनी फाइलवर भेसळ असा शेरा मारला. गंजाडच्या त्या पाड्याचं नाव कापलं गेलं आणि त्याबरोबर झरीची दहा घरंही, कारण त्यांच्यासाठी शब्द त्याच बाईंनी टाकला होता.

झरीत काय झालं ते मला आमच्याकडे माल आणणाऱ्या, झरीच्याच एका ड्रायव्हरकडून कळलं. भावानं चारचौघांत म्हटलं, तू आम्हाला शब्द दिलास आणि तिकडे चोरी केलीस. त्या वर्षी भाऊबीजेला त्या माहेरी गेल्या नाहीत आणि भाऊही गंजाडला आला नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. "बाई तशी वाटत नव्हती हो," ड्रायव्हर म्हणाला. मी म्हटलं, "हं." एवढंच म्हटलं. हा झरीचा माणूस होता, सगळं झरीत नेऊन सांगणारा, आणि मी त्याला चहा पाजून पाठवून दिला.

मला या सगळ्यातून बढती मिळाली नाही, बक्षीस मिळालं नाही. मला फक्त शिक्षा झाली नाही. खोटं बोलायला तेवढं आमिष पुरतं, हे मी अनुभवानं सांगतो.

निवृत्त झाल्यावर एकदा मी गंजाडला गेलो. आमच्या वाडीतल्या चिकूंची टोपली बरोबर घेतली. काय बोलायचं ते मोटरसायकलवर जोडत गेलो होतो. त्या अंगणात नागली पाखडत होत्या. केस पांढरे झाले होते. ओटीवर दोन तरुण बसले होते.

"कोण आलाय?" सुनेनं आतून विचारलं.

"कंपनीचा साहेब," त्या म्हणाल्या. "मक्याचा."

त्या तरुणांपैकी एक म्हणजे त्यांचा भाचा, झरीच्या भावाचा मुलगा. इतक्या वर्षांनी माहेरचं कुणी पहिल्यांदा दारात आलं होतं, त्याच्या लग्नाचं आमंत्रण घेऊन. यापेक्षा चांगली वेळ मला देवानंही दिली नसती. ज्याच्यासमोर बोलायचं तो समोर बसला होता.

"काय काम काढलंत?" त्यानं विचारलं.

"असंच," मी म्हणालो. "या बाजूला आलो होतो."

बाईंनी सूप थांबवलं. मी पुढे काही बोलेन म्हणून त्यांनी वाट बघितली, नक्की बघितली. मग सूप पुन्हा हलू लागलं. "चिकू गोड हायत का तरी?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, गोड आहेत. टोपली ठेवली आणि निघालो.

त्यानंतर बरीच वर्षं गेली. यंदा उन्हाळ्यात जुन्या कर्मचाऱ्यांचं एकत्र जेवण झालं. बोलता बोलता खरेदीचा तो माणूस नव्या पोरांना गोष्ट सांगायला लागला. गंजाडची एक बाई होती, अशी लबाड, की घरचा मका मिसळला आणि वर साहेबालाच सुनावलं. टेबलावर हशा पिकला. पोरगेलासा एक इंजिनिअर म्हणाला, "आम्हाला ट्रेनिंगमध्ये हे उदाहरण देतात, सर. शेतकऱ्यांवर विश्वास कसा ठेवायचा नाही याचं."

मी हातातलं ताट खाली ठेवलं. "खोटं आहे," मी म्हणालो.

"काय खोटं?"

"सगळं. त्या बाईंनी काही मिसळलं नाही. साधा मका मी लावला होता, अंतर मी चुकीचं मोजलं, कणसं मी फेकली. एकाच कणसावर लाल आणि निळे दाणे होते. मिसळलेल्या मक्यात असं होतं का? तुम्ही प्रयोगशाळेतली माणसं आहात ना? सांगा, होतं का?"

 एका जुन्या सोबत्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला. "ऊन लागलंय तुला. सावलीत चल."

मी हात झटकला. "ऊन लागलेलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा सावलीतून बाहेर आलोय." ते मला म्हातारा, भ्रमिष्ट समजले असतील. समजोत. त्या तरुण इंजिनिअरला मी बाजूला घेतलं आणि म्हटलं, पुढच्या ट्रेनिंगमध्ये हेच उदाहरण दे, पण माझ्याकडून ऐकलेलं दे. त्यानं वहीत लिहून घेतलं. पुढे सांगेल की नाही हे त्याच्यावर.

दुसऱ्या दिवशी मुलाला गाडी काढायला लावली आणि गंजाडला गेलो. सुनेनं मला ओळखलं नाही. मी सांगितल्यावर म्हणाली, "सासूबाई दिवाळीनंतर गेल्या." तिनं मला पाणी दिलं. ओटीवर मला बसायला सांगितलं. मी उभाच राहिलो.

तिथून मी मुलाला म्हटलं, झरीला चल. तो म्हणाला, "बाबा, आता कशाला? त्या नाहीत ना?" मी म्हटलं, त्यांचा शब्द झरीत पडला आहे, अजून तिथेच पडून आहे. त्यानं गाडी वळवली.

त्यांचा भाऊ माझ्याहून मोठा, काठी धरून पडवीत बसलेला. शेजारची चार माणसं जमली. मी नाव सांगितलं, आणि उभ्यानंच सगळं सांगितलं. ओहोळ, मीटर, डबा, कणसं, खोलीतलं माझं बोलणं. काही गाळलं नाही. शेवटी म्हणालो, "तुमच्या बहिणीनं दिलेला शब्द खरा होता. मी खोटा होतो. हे मी लिहून देतो, छापूनही आणतो. कुणी विचारलं तर माझ्याकडे पाठवा."

म्हाताऱ्यानं मान खाली घातली.

"माझ्या पोराच्या लग्नाला आली होती ती," तो म्हणाला. "मी तिच्याशी बोललो, पण नीट बोललो नाय. मनात तेच होतं." मग त्यानं मान वर केली. "मला कशाला सांगतोस हे? तिला सांगायचं ना. दारात गेला होतास म्हणे एकदा. पोरानं सांगितलं होतं, कुणी साहेब चिकू देऊन गेला."

  कारखान्याची फाइल बदलेल की नाही मला माहीत नाही, मी पत्र पाठवलं आहे आणि त्यांनी नाही बदलली तर पुन्हा पाठवीन. जिवंत आहे तोवर पाठवीन. झरीत आता खरं माहीत आहे. पण सूप थांबवून एक बाई अंगणात वाट बघत होती, तेव्हा मोटरसायकलवर जोडत आणलेली वाक्यं माझ्या तोंडात होती, आणि ती इतकीच होती:

बाय, खोटं मी बोललो. तुम्ही नाही. तुमच्या माणसांसमोर सांगतो, मला माफ करा.